आडवाटेचं आवडतं: आपलं पुस्तक, मालिका, गाणं इतर चाहत्यांपर्यंत कसं पोचवायचं

पु. ल. देशपांड्यांच्या चाहत्यांमध्ये बसलात तर अर्ध्या तासाच्या आत कुणीतरी 'म्हैस' काढतं. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने पुरं करायचं, सगळ्यांनी हसायचं. जी. ए. कुलकर्णींचे वाचक जमले की गाडी 'काजळमाया'वरून 'पिंगळावेळ'वर जाते आणि तिथेच मुक्काम ठोकते. त्यात वाईट काही नाही, पाठ झालेलं पुन्हा ऐकण्याची गोडी वेगळीच. पण अशा बैठकीत नव्याने येणाऱ्याच्या मनात बरेचदा दुसरंच काही घोळत असतं. त्याच लेखकाचं कुणी न काढलेलं पुस्तक, एखादी विस्मरणात गेलेली मालिका, रेडिओवर क्वचित लागणारं गाणं. धीर करून तो ते सांगतो, समोरून येतं, "हो का? बघू कधीतरी." विषय तिथेच मिटतो.

तो मिटू नये म्हणून काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते. घरी जमलेले पाच-सहा जण असोत, वाचनालयातला कट्टा असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची रविवार दुपार, पद्धत तीच. माझं मत आधीच सांगून टाकते: आपली आवडती गोष्ट किती थोर आहे हे पटवण्याच्या फंदात पडूच नका. थोर गोष्टींची यादी प्रत्येकाकडे आधीच लांबलचक असते. समोरच्याला ती गोष्ट आज, इथे, थोडीशी चाखायला मिळाली पाहिजे. बाकी सगळं त्यातून होतं.

पायरी १: एकच निवडा, आणि ते कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

नवखा माणूस हमखास सात नावांची यादी घेऊन येतो. यादी कुणाच्याच लक्षात राहत नाही. एका बैठकीला एक गोष्ट, बस.

कमी चर्चेतल्या गोष्टींच्या साधारण तीन जाती असतात. पहिली, नामवंत माणसाचं दुर्लक्षित काम. पुलंनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणली, पन्नाशीच्या घरात बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि 'वंगचित्रे' लिहिलं. 'बटाट्याची चाळ' तोंडपाठ असलेल्या कितीतरी जणांनी ही दोन पुस्तकं उघडलेलीही नसतात. 'फास्टर फेणे'वर वाढलेल्या पिढीला भा. रा. भागवतांचा पुस्तकवेडा बिपिन बुकलवार ओळखीचा असेलच असं नाही. जूल्स व्हर्नच्या अफाट सफरी मराठी मुलांपर्यंत पोचवणारेही हेच भागवत, हेही अनेकांना नवीन असतं.

दुसरी जात एकेकाळी घरोघरी असलेल्या आणि आता हरवलेल्या गोष्टींची. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावं एका पिढीला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी ठाऊक होती. आज पंचविशीतल्या वाचकाला विचारा, कोरा चेहरा दिसेल. सुहास शिरवळकरांचंही थोडं तसंच. २०१३च्या चित्रपटामुळे 'दुनियादारी' पुन्हा हातोहात खपली, पण त्यांच्या रहस्यकथांतला दारा बुलंद मागेच राहिला.

तिसरी जात मुळातच फार लोकांपर्यंत न पोचलेल्या गोष्टींची: एखाद्या तालुक्याच्या गावी छापलेला कवितासंग्रह, दिवाळी अंकात आलेली आणि कधीच पुस्तकात न गेलेली दीर्घकथा. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून अशा किती कथा जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांत पडून असतील, त्याला गणती नाही.

नवीन असाल तर पहिल्या जातीपासून सुरुवात करा. तिथे लेखकाची ओळख करून देण्याचे कष्ट वाचतात, आणि समोरच्याला "अरे, हे मला कसं माहीत नाही?" असं वाटतं. चाहत्याच्या मनातल्या या टोचणीइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. तिसऱ्या जातीला हात घाला, पण लोक तुमच्या आवडीवर भरवसा ठेवू लागल्यावर.

पायरी २: नावं-गावं तपासा

चाहत्यांच्या घोळक्यात चुकीचं श्रेय दिलंत की पुढचा अर्धा तास त्या चुकीवरच जातो. तुमचं गाणं राहतं बाजूला.

गाण्यांच्या बाबतीत घोटाळे फार. 'इंद्रायणी काठी' हा संतांचाच अभंग आहे असं समजणारे पुष्कळ भेटतील. तो ग. दि. माडगूळकरांनी १९५३च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटासाठी लिहिला, चाल पुलंची आणि आवाज भीमसेन जोशींचा. 'रानारानात गेली बाई शीळ' म्हटलं की गायक गजानन वाटवे असं कुणीतरी ठोकून देतं. ते जी. एन. जोशींनी गायलं आहे आणि कविता मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची आहे. यूट्यूबवर गाणं चढवणाऱ्याने खाली काय लिहिलं आहे यावर विसंबू नका. तबकडीचा फोटो दिसत असेल तर लेबल वाचा, चित्रपट असेल तर श्रेयनामावलीपर्यंत जा. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गीत, संगीत, स्वर अशी नोंद गाण्यागणिक मिळते, ती आधी बघून ठेवा.

पुस्तकाच्या बाबतीत मुखपृष्ठाच्या आतलं पान बघायची सवय लावून घ्या. पहिली आवृत्ती कधीची, हातात आहे ती कितवी, मूळ पुस्तक की अनुवाद, सगळं तिथे असतं. आणि कृपा करून वपु किंवा पुलंच्या नावावर फिरणारी फॉरवर्डमधली वाक्यं पुराव्यादाखल आणू नका. त्यातली निम्मी तरी त्यांनी ऐकलीसुद्धा नसतील.

पायरी ३: मिळतं कुठे, ते आधी शोधा

ही पायरी लोक गाळतात. तुम्ही तासभर रंगून सांगता, समोरचा खरोखर पेटतो, विचारतो "कुठे मिळेल?" आणि तुम्ही म्हणता, "आता मिळत नाही बहुतेक." झालं! त्याच्या उत्साहावर तुम्हीच पाणी ओतलंत.

त्यामुळे आधी प्रकाशकाला फोन करा. 'आवृत्ती संपली' असं दुकानदार सांगतो तेव्हाही प्रकाशकाच्या गोदामात पाच-पन्नास प्रती पडलेल्या असू शकतात. मग वाचनालयं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२चं, पोर्तुगीज अमदानीतलं. अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत बाजारातून गायब झालेलं बरंच काही सापडतं. तालुक्याच्या लहान वाचनालयालाही कमी लेखू नका. तिथे जुनी पुस्तकं बाद करण्याची घाई नसते. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला नाव, लेखक आणि तुमचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं तो विसरतो. रद्दीवाल्याशी ओळख ठेवणारे वाचक तर मला फारच शहाणे वाटतात.

मालिकांचं दुखणं वेगळं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण त्या सुरुवातीच्या काळातलं जे प्रसारित झालं ते सगळं आज बघायला मिळत नाही. जे आहे त्यातलं काही दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिनीवर टाकलेलं असतं. आधी तिथे शोधा, आणि दुवा चालतो का ते बैठकीच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

आता कायद्याचं थोडं, कारण "पीडीएफ आहे का?" हा प्रश्न येणारच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क टिकतात. चि. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०२४पासून मुक्त आहे. चिमणराव हवा तितका वाटा. मात्र आतली चित्रं किंवा नव्या आवृत्तीची प्रस्तावना दुसऱ्या कुणाची असते, तिचे हक्क वेगळे. गाण्यात तर दोन हिशोब असतात. ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतात, पण शब्दांचे आणि चालीचे हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूवरून मोजतात. गदिमा १९७७ साली गेले, तेव्हा त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. घरच्या बैठकीत उतारा वाचला म्हणून कुणी दारात येणार नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता साहित्यकृती सादर करायला १९५७च्या कायद्यात सवलतही आहे. हयात लेखकाचं अख्खं पुस्तक मोबाइलने फोटो काढून ग्रुपवर टाकणं ही मात्र चोरीच, मग हेतू कितीही उदात्त असो.

पायरी ४: तुकडा निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

चाखायला द्यायचा तुकडा पाच मिनिटांच्या वर नको. मराठी गद्य निवांत वाचलं तर छापील दीड-दोन पानांना एवढा वेळ लागतो. पहिलंच पान वाचायला घ्यायचा मोह होतो, तो आवरा. बरीच पुस्तकं पहिल्या पानावर जरा घसा खाकरत असतात. शेवटही नको, उघडच आहे. पुस्तकातला तुमचा सर्वांत लाडका उताराही नको. तो वाचकाला त्याचा त्याला सापडू दे. तुम्ही क्रमांक दोनचा निवडा. त्याला मागचापुढचा संदर्भ दोन वाक्यांहून जास्त लागत असेल तर तोही सोडा आणि दुसरा शोधा.

घरी एकदा मोठ्याने वाचून बघा. डोळ्यांनी वाचताना सुरेख वाटलेलं वाक्य तोंडात अडकतं कधीकधी, लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. पेन्सिलीने बारीक खुणा करा. वाचनालयाचं पुस्तक असेल तर खुणा चिठ्ठीवर करा. संवाद असतील तर आवाज बदलून नाटक करण्याची गरज नाही, बोलणारा बदलला की किंचित थांबलात तरी ऐकणाऱ्याला समजतं.

बोलीचा प्रश्न आला की विशेष जपा. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली माणसं वऱ्हाडी बोलतात. नायिका कौतिकचं बोलणं पुणेरी जिभेने 'गावरान' करून वाचलं की ती कादंबरी तिथल्या तिथे मरते. एक तर साध्या, सरळ आवाजात वाचा, नाहीतर बैठकीत अमरावती-अकोल्याकडचं कुणी असेल तर पुस्तक त्यांच्या हातात द्या. ते वाचतील आणि मध्येच थांबून एखादा शब्द घरी आजी कसा वापरायची तेही सांगतील. तुमचं काम तिथेच फत्ते.

आता एक नमुना बघू. समजा जीएंचे वाचक जमलेत आणि तुम्हाला त्यांनी अनुवादलेल्या कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या पुढे करायच्या आहेत: 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. "जीएंनी अनुवादही केले आहेत बरं का, अप्रतिम आहेत" असं म्हणालात तर माना डोलतील, पुढे काही नाही. त्याऐवजी असं करून बघा:

"जीएंच्या कथांमध्ये माणूस नियतीपुढे एकटा उभा असतो ना? तेच जीए अमेरिकेतल्या ओहायोच्या जंगलात शिरतात. झाडं इतकी दाट की ऊन जमिनीवर पडत नाही, तिथे एक कुटुंब येऊन राहतं. पहिल्या पुस्तकात नुसतं रान आहे, दुसऱ्यात शेती आली, तिसऱ्यात गाव वसलं. तिसऱ्याच्या मूळ कादंबरीला १९५१चा पुलित्झर मिळाला होता. मी 'रान'मधलं दीड पान वाचते."

आणि लगेच वाचायला लागा. पुरस्कार एका वाक्यात उरकला, कथानक सांगितलं नाही, फक्त आधीच्या आवडीचं बोट धरून तीन पावलं पुढे नेलं. जीएंच्या भाषेचं वर्णन करत बसू नका, ती आता कानावर पडणारच आहे. इथे पुस्तक आधी चाळून ठेवा आणि जंगलाचंच वर्णन असलेला भाग घ्या, कारण तुम्ही आत्ताच जंगलाचं नाव काढलं आहे.

याच वाचकांसाठी 'बखर बिम्मची'ही आहे. काळ्याकुट्ट कथा लिहिणाऱ्या माणसाने लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेलं जग. पण दोन्ही एकाच दिवशी नको.

पायरी ५: गाणं ऐकवायचं असेल तर

गाण्याला वाचनापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणून लोक हलक्यात घेतात आणि मोबाइल टेबलावर ठेवून चालू करतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून जुन्या मुद्रणाचा तबला गायब होतो आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. साधा ब्लूटूथ स्पीकर चालेल, पण तो भिंतीजवळ ठेवा आणि गाणं सुरू करण्याआधी पंखा एक घर कमी करा.

जुनी भावगीतं तीन-साडेतीन मिनिटांची का असतात, हे बैठकीत एकदा सांगून टाका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावत असे. त्यामुळे कवीने कडवी कापली, वाद्यवृंदाचे तुकडे आवळले गेले. हे कळल्यावर लोक तीन मिनिटांकडे वेगळ्या कानाने बघतात. आणखी एक बारकावा: इंटरनेटवर चढवताना तबकडी चुकीच्या वेगाने फिरलेली असली तर आवाज उगीच पातळ आणि घाईत आल्यासारखा लागतो. त्याच गाण्याच्या दोन-तीन प्रती ऐकून त्यातली बरी निवडा. नाहीतर "ह्या बाईंचा आवाज किती चिरका" असा शेरा येतो आणि दोष त्या बिचाऱ्या गायिकेच्या माथी जातो.

गाणं एकटं सोडू नये, जोडीने द्यावं. आधी सगळ्यांना ठाऊक असलेलं, मग तुमचं. पुलंची संगीतकार म्हणून ओळख करून द्यायची आहे? 'नाच रे मोरा'ची चाल कुणाची, एवढंच विचारा. आशा भोसले, गदिमा ही नावं झटकन येतील, चालीपाशी अनेक जण थबकतील. मग जितेंद्र अभिषेकींच्या आवाजातलं 'शब्दावाचून कळले सारे' लावा. पाडगावकरांचे शब्द, चाल पुन्हा पुलंचीच. एवढं झाल्यावर 'गुळाचा गणपती'तली गाणी लोक स्वतःहून मागतात. भीमसेनांच्या भक्तांसाठी त्याच चित्रपटातलं 'इंद्रायणी काठी' लावा. मैफलीतला विस्तार कानात मुरलेला असतो, तेच गाणं चित्रपटाच्या मापात, तरुण आवाजात ऐकताना मंडळी हमखास पुढे सरकून बसतात.

लताबाईंच्या चाहत्यांकडे त्यांच्या गायनाबद्दल बोलायला जाऊ नका, ते तुम्हालाच चार गोष्टी ऐकवतील. 'आनंदघन' या नावाने त्यांनी दिलेलं संगीत घ्या. 'ऐरणीच्या देवा तुला' आधी, ते 'साधी माणसं'मधलं आणि सर्वांच्या ओठांवरचं. मग १९६३च्या 'मोहित्यांची मंजुळा'कडे वळा.

गाणं वाजत असताना बोलायचं नाही, हा नियम आधीच हसत हसत सांगून ठेवा. "आता बघा, आता बघा, ही जागा!" असं ओरडणारा रसिक हा गाण्याचा पहिला शत्रू. शेवटची वाद्यं थांबेपर्यंत पुढचं गाणं लावू नका. शब्द पटकन कळत नसतील तर कागदावर लिहून आणा, पण कागद गाणं एकदा ऐकून झाल्यावर वाटा. आधी वाटलात तर सगळ्यांच्या माना खाली जातात आणि ऐकण्याऐवजी वाचन सुरू होतं. दुसऱ्यांदा लावायचं की नाही, ते बैठकीने ठरवावं. कुणी 'वन्स मोअर' म्हटलं नाही तर गुपचूप पुढे चला.

गोव्याकडच्या किंवा गोव्यावर प्रेम करणाऱ्या मंडळींत असाल तर बा. भ. बोरकरांची कोकणी कविता काढा. मराठी रसिकाला बोरकर माहीत असतात ते मराठीतले. त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'सासाय' या कोकणी संग्रहासाठी. कोकणी येणाऱ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. अर्थ विचारायची घाई नको, निम्मा आपोआप लागतो.

पायरी ६: मालिकेचं तंत्र जरा निराळं

मालिकांच्या गप्पांत एक खड्डा असतो: शीर्षकगीत. 'गोट्या'चं नाव काढा, पुढच्या क्षणाला 'बीज अंकुरे अंकुरे' सुरू होतं, सगळे डोळे मिटून गातात आणि मालिकेत काय होतं ते कुणीच सांगत नाही. गाऊ द्या, अडवू नका. गाणं संपलं की विचारा, "कुठला प्रसंग आठवतो?" शांतता पसरेल. त्या शांततेत तुमचा निवडलेला प्रसंग लावा.

अख्खा भाग दाखवू नका, दहा-बारा मिनिटं पुरे. जुन्या मालिकांचा वेग आजच्या डोळ्यांना संथ वाटतो, चित्र धुरकट असतं, हे आधी सांगितलेलं बरं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवणी निघतात. ज्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, त्यांना त्या आठवणींचा उपयोग शून्य. तरुण मंडळी असतील तर 'आमच्या वेळी' हे दोन शब्द घरी ठेवून या. त्यांना अभिनयाकडे बघायला सांगा, काळाकडे नको.

माझी स्वतःची लाडकी शिफारस 'रानजाई'. सरोजिनी बाबर आणि शान्ता शेळके समोरासमोर बसून ओव्या, लोकगीतं, सणवार यांच्याबद्दल बोलतात, एवढंच. ना कथानक, ना भव्य नेपथ्य. दोन जाणत्या बाया एकमेकींचं बोलणं उचलत पुढे नेतात आणि बघणारा खिळतो. शान्ताबाईंना चित्रपटगीतांपुरतं ओळखणाऱ्यांना हे दाखवाच.

पायरी ७: उणं असेल ते आधी सांगा

पहिली चाळीस पानं रेंगाळतात? सांगा. बायकांबद्दल किंवा एखाद्या जातीबद्दलचे शेरे आज खटकतील? तेही सांगा. जुन्या विनोदी आणि रहस्यमय लेखनात असं पदोपदी सापडतं आणि वाचकाला ते अचानक समोर आलं की तो पुस्तकासकट तुमच्यावरही रागावतो. रहस्य मात्र फोडू नका. "शेवट ओळखताच येणार नाही" हेसुद्धा अर्धं रहस्य फोडणंच आहे, कारण वाचक मग पहिल्या पानापासून शेवटच शोधत बसतो.

"काय सांगता! तुम्ही हे वाचलंच नाही?" हे वाक्य तर जिभेवर येऊच देऊ नका.

पायरी ८: पुस्तक हातात द्या, पण नोंद करून

बैठक संपली की पुस्तक तिथेच कुणा एकाला द्या. दहा जणांना नाव सांगण्यापेक्षा एकाच्या पिशवीत पुस्तक गेलेलं चांगलं. कुणाला द्यायचं ते बैठकीतच दिसतं: ज्याने उतारा संपल्यावर "मग पुढे?" विचारलं, त्याला.

दुर्मीळ प्रत असेल तर द्यायची नाही, तिथेच बसून वाचू द्यायची. यात कंजूषपणा नाही. बाकी पुस्तकांना कव्हर घाला, आत नाव आणि फोन नंबर लिहा, वहीत तारीख टाका. समोरच्यादेखत वहीत नोंद केली की पुस्तकं परत येण्याचं प्रमाण फार सुधारतं. महिनाभर काही विचारू नका. "वाचलं का?" हा प्रश्न दर आठवड्याला आला की पुस्तक गृहपाठ होऊन बसतं आणि तो माणूस तुम्हाला टाळू लागतो. महिन्यानंतर विचारायचंच असेल तर पुस्तक हवंय म्हणून मागा. वाचलं असेल तर तो आपणहून बोलेल, आणि नसेल तर "आणखी पंधरा दिवस ठेवू?" म्हणेल, तेही शुभलक्षणच.

अडलं तर

कुणी म्हणालं, "मला नाही बुवा आवडलं," तर वाद घालू नका. कुठे अडलं एवढंच विचारा. पुष्कळदा पुस्तक नव्हे, तुमचा तुकडा चुकलेला असतो. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला दुसरा तुकडा द्या.

ग्रुपवर दुवा टाकलात आणि कुणी उघडलाच नाही, असं होणारच. सकाळच्या सुप्रभातांच्या गर्दीत तो वाहून जातो. एकेकट्याला, त्याच्या आवडीचा धागा लावून, दोन ओळींसह पाठवा.

परदेशातल्या मंडळात मुलं असतात आणि त्यांना मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. तिथे पुस्तक दाखवण्यापेक्षा वाचून दाखवा. फुरसुंगीच्या बनेश फेणेचा, म्हणजे आपल्या फास्टर फेणेचा, एखादा पराक्रम घ्या. कठीण शब्दापाशी थांबून अर्थ सांगू नका, गोष्ट पळती ठेवा.

आणि सगळी तयारी करून गेलात, नाव उच्चारलंत, तोच कोपऱ्यातले एक काका म्हणाले, "हे तर मी साठ-पासष्टपासून वाचतोय," तर हिरमुसू नका. तुमचा तुकडा त्यांनाच वाचायला द्या. त्यांच्या कपाटात पहिली आवृत्ती असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा ती बघायला कधी येऊ, तेही तिथल्या तिथे विचारून घ्या.